"तापट आहे, पण मनाने चांगला आहे": हे ऐकून गप्प बसू का?

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, मी एका गोडाऊनमध्ये शिफ्ट लीड आहे, हाताखाली चौदा जण. त्यातला एक कामाला सगळ्यात फास्ट, पण डोकं गरम. आधी नुसता आरडाओरडा करायचा, मग ट्रॉल्या आपटायला लागला, आणि मागच्या मंगळवारी नवीन ट्रेनी मुलीने माल चुकीच्या खणात ठेवला म्हणून हातातला स्कॅनर फेकला. तिला लागला नाही, रॅकच्या खांबावर आपटून फुटला. रात्री ग्रुपवर 'माझी कंप्लेंट करेल त्याला बघून घेईन' असं टाकलं आणि पाच मिनिटांत डिलीट केलं. मॅनेजर म्हणतो तापट आहे पण मनाने चांगला आहे, कोणाला लागलं का, नाही ना, मग सोडून दे. एचआर म्हणतं मुलगी एजन्सीकडून आलीये, तिने एजन्सीला सांगावं. मुलगी म्हणते दादा जाऊ दे. ती आता मधल्या वाटेने न येता मागच्या रॅककडून वळसा घालून येते. मी तक्रार केली तर त्याची नोकरी जाईल, त्याला दोन लहान मुलं आहेत, आणि खरं सांगायचं तर मला पण त्याची भीती वाटते. त्याला एकट्याला बाजूला घेऊन समजावू का?"

अरे बाबा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण हे वाचून संपेपर्यंत तू कदाचित त्याला बाजूला घेतलेलं असशील. नको घेऊस. निदान एकट्याने तर नकोच. तू त्याला घाबरतोस, हे त्याला माहितीये, आणि "कंप्लेंट करेल त्याला बघून घेईन" हे त्याने आधीच सांगून ठेवलंय. अशा माणसासमोर चार भिंतींत एकटं बसून "असं करू नकोस रे" म्हणणं म्हणजे तक्रार करणारा मीच, हे त्याला आपण होऊन सांगणं आहे. शिवाय नंतर काय बोलणं झालं याला साक्षीदार कोणी नाही, तू म्हणशील समज दिली, तो म्हणेल धमकी दिली.

आता मॅनेजरच्या "लागलं का?" बद्दल. हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता ऐकला की माझंच डोकं फिरतं. लागलं नाही म्हणजे नेम चुकला, किंवा नेम धरलाच नव्हता, यातलं काय ते तुला माहीत नाही, मला नाही, मॅनेजरला तर नाहीच नाही, तो तिथे नव्हता. तू पत्रात एक गोष्ट लिहिली नाहीस, ती जाऊन बघ: तो खांब आणि ती मुलगी यांच्यात अंतर किती होतं. दोन हात? चार? स्कॅनर खांबाला कुठल्या उंचीवर लागला, तिथे पोचा किंवा रंग उडाल्याची खूण असेल. गुडघ्याएवढ्या उंचीवर असेल तर एक गोष्ट, तिच्या कानाच्या उंचीवर असेल तर अगदीच वेगळी. मोबाईलने फोटो काढ, शेजारी मोजपट्टी लावून.

आणि "तापट". मी बरीच वर्षं पर्सोनेलमध्ये काढली, तेव्हा एचआरला पर्सोनेलच म्हणायचे, आणि तापट म्हणून ओळखले जाणारे डझनावारी लोक बघितले. त्यातले बहुतेक जण एका बाबतीत सारखे होते, त्यांचं डोकं नेहमी खालच्या बाजूलाच फिरायचं. हेल्परवर, ट्रेनीवर, सफाईवाल्यावर, काउंटरच्या पोरीवर. मोठे साहेब राउंडला आले की तोच माणूस बर्फासारखा थंड. तुझ्याकडच्याचं आठवून बघ, मॅनेजरसमोर कधी ट्रॉली आपटलीये का त्याने? नसेल आपटली तर मग तो काही रागाच्या हातातलं बाहुलं वगैरे नाहीये, कुठे फेकायचं आणि कुठे नाही हे त्याला नीट कळतं. (आणि समजा खरंच कोणासमोरही ताबा जात असेल, तर मग काम थांबवण्याची गरज जास्तच आहे, कमी नाही. दोन्हीकडून "सोडून दे" हे उत्तर येत नाही.)

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, चूक करून सांगतेय. एका ठिकाणी, नाव सोड, माझ्याकडे अशाच एकाची फाईल होती. पहिल्या वेळी मी लिहिलं, "स्वभाव तापट, तोंडी समज दिली." काही महिन्यांनी पुन्हा, तेच वाक्य. तिसऱ्यांदाही तेच, फक्त पेन वेगळं. एकदाही मी लिहिलं नाही की त्याने नक्की काय केलं, कोणाला काय म्हणाला, हातात काय होतं. चौथ्या वेळी त्याने एका पोराचा हात लॉकरच्या दारात धरून दार लावलं, दोन बोटं मोडली. चौकशीत फाईल उघडली तर तीन पानं, तिन्हीवर "स्वभाव तापट". पहिल्या वेळी काय झालं होतं ते मला स्वतःलाही नीट आठवेना. स्वभावाबद्दल लिहिलेली ती फाईल चौकशीत कोणाच्या काही उपयोगाला आली नाही.

म्हणून तुझं पहिलं काम लिहिणं. आजच, आठवण ताजी आहे तोवर. "तो फार रागावला होता, वातावरण बिघडलं" हे नको. असं लिही: मंगळवार, तारीख, वेळ अंदाजे इतकी. अमुक रॅकजवळ. ट्रेनी खण नंबर अमुकपाशी उभी होती, तो तिच्यापासून इतक्या पावलांवर. तो मोठ्याने म्हणाला की, आणि पुढे त्याचेच शब्द, शिवी असेल तर शिवीसकट, तिथे सोज्वळपणा कामाचा नाही. उजव्या हातातला स्कॅनर फेकला, खांबाला इतक्या उंचीवर लागला. तिथे हजर कोण कोण. नंतर कोण काय म्हणालं. आणि जे तू स्वतः बघितलं नाहीस, ऐकलंस, त्याच्यापुढे "ऐकलं" असं लिही. ट्रॉल्या आपटण्याचेही जेवढे प्रसंग तारखेनिशी आठवतात तेवढे घाल, तारीख पक्की नसेल तर "साधारण महिन्याभरापूर्वी" चालेल, उगाच पक्की तारीख ठोकू नकोस, एक चुकीची निघाली की बाकीच्या सगळ्यावर शंका घेतात. ग्रुपवरच्या मेसेजचा कोणी स्क्रीनशॉट काढला असेल तर तो मिळव, नसेल तर ज्यांनी वाचला त्यांची नावं लिही.

आणि सीसीटीव्ही! बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवसांनी जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन चढतं. मंगळवार होऊन आधीच दिवस गेलेत. "अमुक तारखेचं अमुक ते अमुक वेळेचं फुटेज वेगळं जपून ठेवावं" असा दोन ओळींचा मेल बाकी काही करायच्या आधी टाक. तोंडी सांगू नकोस, तोंडी सांगितलेलं फुटेज नेहमी आदल्या दिवशीच पुसलं गेलेलं असतं.

आता एचआरचं ते एजन्सीचं तुणतुणं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, म्हणजे आयएलओने, २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाबद्दल एक करार केला, क्रमांक १९०, जून २०२१ पासून तो लागू आहे, या विषयावरचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय करार. सगळ्या देशांनी तो अजून स्वीकारलेला नाहीये, त्यामुळे तो दाखवला की कंपनी लगेच उठून उभी राहील असं नाही. पण त्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे, कारण तुझ्या पत्रातल्या तिन्ही पळवाटा तिथे बंद केल्यात. एक, प्रकार एकदाच घडला किंवा वारंवार, दोन्ही धरतात, आणि नुसती धमकी पण धरतात, त्यामुळे "कोणाला लागलं का" संपलं. दोन, कंत्राटी, शिकाऊ, इंटर्न, इतकंच काय नोकरीसाठी अर्ज करणारेसुद्धा त्यात येतात, त्यामुळे "ती एजन्सीची" संपलं. तीन, कामासंबंधी फोनवरचं, मेसेजवरचं बोलणं पण त्यात आहे, त्यामुळे ग्रुपवरचा रात्रीचा मेसेज म्हणजे "खासगी गोष्ट" हेही संपलं. एजन्सीला कळवायचंच, जरूर कळवा, पण छप्पर तुमचं, शिफ्ट तुमची, स्कॅनर तुमचा आणि फेकणारा माणूसही तुमचा. तुमच्या इथला कायदा नक्की काय म्हणतो ते कामगार कार्यालयात किंवा युनियन असेल तर तिथे विचार, आणि कंपनीचं स्वतःचं धोरण बघ, बहुतेक मोठ्या ठिकाणी ते असतं, फक्त जॉइन होताना सही करून विसरलेलं असतं.

मुलगी "जाऊ दे" म्हणते म्हणून थांबू नकोस, आणि तिच्यावर चिडूही नकोस. २०२१ मध्ये १२१ देशांत या विषयावर एक पाहणी झाली, आयएलओ आणि गॅलपने मिळून केली होती, त्यात नोकरी करणाऱ्या पाचातल्या एकाहून जास्त जणांनी आपल्याला असं काही ना काही भोगावं लागल्याचं सांगितलं, आणि त्यातले जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त कधीतरी कोणाजवळ तरी बोलले होते, तेही बहुतेक मित्रांकडे नाहीतर घरच्यांकडे. न बोलण्याची दोन मुख्य कारणं कुठली, तर "सांगून उपयोग नाही, वेळ वाया" आणि "आपलंच नाव खराब होईल". तुझ्या ट्रेनीला यातली कुठली भीती वाटतेय माहितीये का? विचारलंस का? "जाऊ दे" म्हणताना तिने हिशोब केलाय, नवीन आहे, एजन्सीची आहे, आणि शिफ्ट लीड स्वतःच बिचकतोय. यात तिची काहीच चूक नाही. तिला एवढंच सांग की मी जे बघितलं ते मी लीड म्हणून कळवणारच आहे, ते माझं काम आहे, तुझ्या नावाने काही टाकत नाहीये, तुला स्वतः काही लिहायचं असेल तर मी बरोबर बसेन. आणि तिला काय हवंय ते विचार. वेगळी शिफ्ट? गेटपर्यंत कोणीतरी सोबत? की नुसतं तिच्याशी नीट बोलणं? आपण ठरवून टाकतो तिला काय हवं असेल ते, आणि नेमकं तेच चुकतं. पण ती मागून वळसा घालून येते ना, ते मात्र लिहिण्यात घाल. कामाची वाट बदलावी लागणं हा परिणाम आहे, मार लागला नसला तरी.

मेल मॅनेजर आणि एचआर दोघांना एकदमच टाक. मागण्या फार नको, फुटेजची तर आधीच गेलेली असेल, बाकी दोनच. चौकशी होईपर्यंत त्या दोघांना एका शिफ्टला ठेवू नका, आणि हलवायचं असेल तर त्याला हलवा, तिला नाही (सगळीकडे उलटं करतात, ज्याच्यावर फेकलं त्यालाच "तुझ्या सोयीसाठी" दुसरीकडे पाठवतात, आणि बघणाऱ्यांना जो धडा मिळायचा तो मिळतो). आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल त्याची तारीख. तुझं नाव त्याला कळू नये असंही लिही, पण माझं ऐक, ते कळणारच आहे असं धरून चाल. चौदा जणांत मेल टाकणारा लीड कोण हे ओळखायला डिटेक्टिव्ह लागत नाही. म्हणून काही दिवस पार्किंगपर्यंत एकटा जाऊ नकोस, शिफ्ट संपताना कोणीतरी बरोबर ठेव, आणि तो काही बोलला तर तेही त्याच वहीत, तारखेनिशी.

त्याची नोकरी आणि त्याची दोन मुलं. हे तुझ्या मनात आलं ते बरंच आहे, पण थोडं उलटं फिरवून बघ. आज बातमी स्कॅनरची आहे. आज कोणीतरी त्याला समोर बसवून लेखी ताकीद दिली, त्याची बाजू ऐकली, समुपदेशन लावलं, तर त्याची नोकरी टिकण्याची शक्यता खूप आहे. उद्या एखाद्याचा डोळा गेला तर नोकरी जाईलच, पोलीस केस वेगळी. माझ्या त्या फाईलवाल्यालाही मुलं होती. पहिल्या वेळी मी कडक वागले असते तर त्याची नोकरी वाचली असती असं मला आजही वाटतं, आणि बोटं तर नक्कीच वाचली असती. शिवाय चौकशी न्याय्य होते का ते बघायला तू आहेसच, त्याला आरोप नीट सांगितले जावेत, उत्तर द्यायला वेळ मिळावा. गोडाऊनमध्ये त्याच्याबद्दल कुजबुज करू नकोस आणि कोणाला "सायको" म्हणू देऊ नकोस, त्याला काही आजार आहे की नाही हे ठरवणारे आपण डॉक्टर नाही, आणि मानसिक आजार असलेले बहुतेक लोक कोणाला बोटही लावत नाहीत, उलट मार खाणाऱ्यांतच ते जास्त सापडतात.

अजून एक, हे मॅनेजरला आवडणार नाही. तो "सगळ्यात फास्ट" आहे म्हणून त्याला सगळं माफ, आणि त्याच वेळी चौदा जणांकडून अठरा जणांचं काम, बोर्डवर तासातासाचा टार्गेट, नवीन मुलीला दोन दिवसांत खणांचे नंबर पाठ असले पाहिजेत. असं असेल तर ठिणगी कोणाची पण पडो, गवत कंपनीनेच वाळवून ठेवलंय. हे त्याच्या बचावाचं कारण नाही, त्याच दिवशी त्याच टार्गेटखाली बाकीच्या तेरा जणांनी काही फेकलं नाही. पण मेलमध्ये हे पण लिही.

तुला खरी भीती वाटतेय ती वेगळीच, हा माणूस काही मोठं तर करणार नाही ना? याचं खात्रीचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. अमेरिकेत १९८६ साली ओक्लाहोमा राज्यात एका पोस्टातल्या कर्मचाऱ्याने चौदा सहकाऱ्यांना गोळ्या घालून ठार केलं, नंतरही तशा घटना झाल्या आणि पोस्टातली माणसं म्हणजे कधीही भडकणारी असा शिक्काच बसला, तिकडच्या बोलीभाषेत तसा शब्दप्रयोग पण रूढ झाला. मग २००० साली एका आयोगाने आकडे तपासले तर पोस्टवाले इतरांपेक्षा अजिबात जास्त हिंसक निघाले नाहीत. एफबीआयच्या तज्ज्ञांनीही नंतर हेच सांगितलं, की "असा दिसणारा माणूस असं करतो" असा काही साचा नसतो. म्हणून माणूस कसा आहे हे ओळखायच्या फंदात पडू नकोस, वागणं कुठल्या दिशेने चाललंय ते बघ. ओरडणं, मग ट्रॉली, मग माणसाच्या दिशेने वस्तू, मग धमकी, ही चढती पायरी तूच पत्रात लिहिलीयेस, बहुतेक लिहिताना लक्षातही आलं नसेल. याच्या पुढे, तो एकाच माणसाचं नाव सारखं घ्यायला लागला, कधी-कुठे-कसं असं नेमकं बोलायला लागला, हत्याराच्या गोष्टी काढायला लागला, कोणाच्या मागे मागे फिरताना दिसला, किंवा "आता मला काही गमवायचं राहिलं नाही" असलं काही बोलला, तर मेलबिल काही नाही, सरळ पोलीस, आणि मग मॅनेजरला कळवायचं. हाच क्रम.

आणि समजा उद्या तुझ्यासमोरच त्याचं सुरू झालं, तर. मोजून दोन हात लांब राहा. अगदी समोरासमोर छाती काढून नाही, थोडं तिरकं उभं राहायचं, हात दिसतील असे मोकळे. त्याची बाहेर जायची वाट अडवू नकोस आणि तुझीही अडवली जाऊ देऊ नकोस, रॅकच्या गल्लीत तर हे आधी बघ, तिथे एका टोकाला पॅलेट लागलेले असले की माणूस सापळ्यातच असतो. आवाज त्याच्यापेक्षा खाली. "शांत हो" म्हणू नकोस, "शांत हो" ऐकून शांत झालेला माणूस मी अजून बघितला नाहीये. त्यापेक्षा त्याचं नाव घेऊन "ऐकतोय मी, काय झालं सांग" म्हण. बघ्यांना पांगव, बघे असले की माघार घेणं म्हणजे लाज वाटते. त्याला एखादी सुटायची जागा दे, "पाच मिनिटं बाहेर जाऊन ये, इकडचं मी बघतो." खांद्यावर हात ठेवू नकोस, हातातली वस्तू काढून घ्यायला जाऊ नकोस. आणि हे काही चालत नाहीये असं वाटलं तर तिथून निघ, बाकीच्यांना घेऊन निघ, माल गेला खड्ड्यात. गंभीर धोका दिसतोय म्हणून काम सोडून बाजूला होणं याला त्या करारात हक्कच म्हटलंय, त्याबद्दल शिक्षा होता कामा नये. मदत मागायला तुमच्यात एखादा ठरलेला शब्द असू दे, वॉकीटॉकीवर साधा वाटेल असा, पण सगळ्यांना कळेल.

कोणाला लागलंच तर आधी डॉक्टर, आणि डॉक्टरला खरं कारण सांगायचं, "रॅकवर आपटलो" नाही. जागा आवरायची घाई करू नका. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून "काय वाटलं ते बोला" असा तास घेऊ नका, बोलायला भाग पाडल्याने लोकांचं बरं होत नाही, ज्याला बोलायचंय त्याला माणूस आणि वेळ मिळाला म्हणजे झालं.

बाहेरचे ड्रायव्हर, माल घ्यायला येणारे, रात्रीची चोरी, कोणाचा घरचा वाद कामावर येणं, हे सगळं याच विषयात मोडतं पण त्याचे उपाय वेगळे, ते पुढच्या वेळी, तुझ्या पत्रात तो भाग नाही.

आता एवढं कर. फुटेजचा मेल आज. खांबाचा फोटो उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, तो यायच्या आत. मोठा मेल परवापर्यंत. मॅनेजरने "कशाला वाढवतोस" म्हटलं तर भांडू नकोस, "बरं, हेच मेलवर उत्तर म्हणून लिहून द्या" एवढंच म्हण. आणि एचआरकडून जे उत्तर येईल ते नावं खोडून मला पाठव, पुढचं त्यावरून बघू.